हनोईची कावड, गडचिरोलीचा खांदा

परदेशात आपल्याला कोण कोण आणि कशा कशा प्रकारे फसवणार आहे, याची यादी माझ्याकडे पासपोर्ट यायच्या दोन महिने आधीच तयार होती. फुलस्केपची सहा पानं, डावीकडे समास सोडून, अनुक्रमांकासह. छत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केल्यावर माणसाला भीतीसुद्धा समास सोडूनच वाटते. वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झालो तेव्हा साहेब भाषणात म्हणाले होते, की दिघोरेंच्या टेबलावरून चुकीचा कागद कधी पुढे गेला नाही. खरं म्हणजे बरोबरचे कागदही फारसे गेले नाहीत, पण तो विषय वेगळा.

झालं असं, की आमच्या दिव्यानीनं पुण्याहून परस्पर दोन तिकिटं काढून पाठवली. नागपूर, कोलकाता, हनोई. व्हिएतनाममध्ये पाच दिवस. पोरगी फोनवर म्हणाली, "बाबा, तिथं सगळीकडे धानच धान आहे, तळी आहेत, मासे आहेत. आईला अगदी घरच्यासारखं वाटेल." घरच्यासारखंच वाटणार असेल तर घरीच काय वाईट आहे, असं मी विचारलं. तिनं फोन आईला द्यायला सांगितला.

आमची ही, म्हणजे वच्छला, फोन घेऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. हे तिचं माझ्या तोंडाकडे बघणं दोन वर्षांपासूनचं आहे. त्याबद्दल पुढे सांगतो, आत्ता सांगितलं तर मलाच पुढचं सांगवणार नाही. मी मान हलवली, मग ती पोरीला हो म्हणाली.

बातमी कॉलनीत पसरायला संध्याकाळ लागली नाही. पहिले आले शेजारचे दादाजी भाऊ. हे एसटीत कंडक्टर होते, आणि आमच्या कॉलनीत परराष्ट्र खातं त्यांच्याकडे आहे. कारण ते एकदा काठमांडूला जाऊन आले. तिथं एका माकडानं त्यांची पिशवी पळवली, पिशवीत मंकी कॅप होती. तेव्हापासून परदेश म्हटला की दादाजी भाऊ माणसामाणसांत फरक करत नाहीत. "दिघोरे साहेब, परदेशात जो आपलं नाव घेऊन हाक मारते ना, तोच लुटते," ते म्हणाले. "अन् जो हसते, तो त्याचा साथीदार राह्यते." मी अनुक्रमांक एक आणि दोन लिहून घेतले.

दुसरा निकेश. चौकात त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं मला आठवडाभर रोज व्हिडिओ दाखवले. कुणी मनगटावर दोरा बांधतो आणि पैसे मागतो. कुणी हातावर कबूतर बसवतो. कुणी टोपी घालतो, फोटो काढायला लावतो आणि फोटोचे मागतो. कुणी चालत्या माणसाचा बूटच धरतो. व्हिएतनामची वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळी, त्यात घोळ करतात. कुणीही पेन मागितला तर द्यायचा नाही. हा शेवटचा नियम खरं तर मीच घातला. ऑफिसात माझा पेन सुतळीनं टेबलाला बांधलेला असायचा. निकेश म्हणाला, की कुणी काहीही हातात देऊ लागलं तर फक्त "नो थँक्यू" म्हणायचं, थांबायचं नाही. मी न्हाणीत नो थँक्यूचा सराव सुरू केला.

पहिला तडाखा या यादीनं मलाच दिला. पासपोर्टच्या चौकशीसाठी ठाण्यातून एका शिपायाचा फोन आला. "हेमराज दिघोरे बोलता का?" त्यानं नाव घेतलं, म्हणजे अनुक्रमांक एक. मी म्हटलं, असली माहिती मी फोनवर देत नसतो, आणि फोन बंद केला. मग तो गडी बिचारा उन्हातान्हाचा घरी आला. मी दार न उघडता खिडकीतून त्याचं ओळखपत्र मागितलं. त्यानं दाखवलं. मी ते निकेशला फोटो काढून पाठवलं. निकेश म्हणाला, असे कार्ड पन्नास रुपयात बनतात. शिपाई दारात घाम पुसत हसला, तो अनुक्रमांक दोन. मी खिडकी लावून घेतली.

आतून वच्छला हळूच म्हणाली, "अजी, पोलीस असो का चोर असो, त्याले पाणी तं विचारा."

मी पाणी विचारलं नाही. त्यानं अहवालात लिहिलं, की अर्जदार दिलेल्या पत्त्यावर आढळून आले नाहीत. मी त्या पत्त्यावर सव्वीस वर्षं राहतो. मग मी माझ्या घरात राहतो हे सिद्ध करायला दोन शेजारी घेऊन ठाण्यात गेलो, वीजबिल, घरपट्टी आणि रेशनकार्डासह. दादाजी भाऊंनी साक्ष दिली, की होय, हे घरातच राहतात, निवृत्तीपासून तर बाहेरच निघत नाहीत. तोच शिपाई समोर बसला होता. त्यानं मला पाणी विचारलं. माझ्या उभ्या नोकरीत मला इतकं ओशाळं वाटलं नव्हतं.

आता ते दोन वर्षांपूर्वीचं सांगायला हवं.

वच्छला ढिवरांची, म्हणजे मासे धरणाऱ्यांची लेक, आरमोरीकडच्या एका तलावाकाठच्या गावची. माणसं जोडायची तिला भारी हौस. एसटीत गडचिरोलीला बसली की चंद्रपूर येईस्तोवर शेजारच्या बाईचं माहेर, सासर, गुडघे, पोरांच्या परीक्षा, सगळं तिला पाठ. उतरताना फोन नंबर घ्यायची. त्यासाठी तिच्याकडे एक डायरी होती, खताच्या दुकानातून फुकट मिळालेली. त्यात नोंदी असायच्या: ललिता, मूल स्टँड, पोरगी नर्स. झाडू भाऊची बायको, वडसा, लोणचं चांगलं टाकते. या बायका खरोखर फोन करायच्या, लग्नाच्या पत्रिका पाठवायच्या. मी चिडवायचो, की तू आमदारकीला उभी राहा, तालुक्याचा प्रश्न नाही.

एका दुपारी मी झोपलो असताना भांडी चकाकवायची पावडर विकणारी एक बाई आली. वच्छलानं तिला पाणी दिलं, चहा दिला, तिच्या पोरांची चौकशी केली, डायरीत नाव लिहिलं. बाईनं आधी पितळेचा गडवा घासून दाखवला. मग वच्छलाच्या गळ्यातली एकदाणी मागितली, तिच्या आईची, सोन्याच्या मण्यांची. ती डब्यात हळदीच्या पाण्यात टाकली, झाकण लावलं, चुलीवर ठेवा, पंधरा मिनिटांनी उघडा, म्हणाली आणि निघून गेली. पंधरा मिनिटांनी डब्यात नुसती हळद होती.

लोक जमले. दादाजी भाऊ, समोरच्या चंदाबाई, निकेश, सगळा शेजार. ती डबा हातात धरून उभी होती. आणि मी त्या सगळ्यांसमोर म्हणालो, "हिले माणूसच ओळखता येत नाई."

एवढंच. ओरडलोही नाही. पण त्या दिवसापासून डायरी फळीवर तांदळाच्या डब्यामागे गेली, आणि कुणीही तिच्याशी बोललं की ती आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. एसटीत शेजारी बाई बसली तर खिडकीबाहेर बघत बसायची. सोनं गेलं त्याचं मला वाईट वाटलं, पण घरातला आवाज गेला त्याचं जास्त वाटायचं. दहा वेळा मनात आलं, की चुकलो म्हणावं. पण मनात असलेला कागद टेबलावर यायला माझ्याकडे फार वेळ लागतो, हे मी आधीच सांगितलं आहे.

तर प्रवास. शिंप्याकडून मी दोन बंड्या शिवून घेतल्या, आतून चोरखिसे असलेल्या. डाव्या खिशात पासपोर्ट, उजव्यात पैसे, दोन्हींना मोठ्या सेफ्टी पिना. याचा परिणाम असा, की नागपूर ते हनोई जिथं जिथं पासपोर्ट दाखवायचा होता तिथं तिथं मला शर्टाची चार बटणं उघडावी लागली. कोलकात्याला तपासणीच्या चौकटीतून मी गेलो की ती वाजायची, आणि मी अधिकाऱ्याला पिना मोजून दाखवायचो. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थानं अर्ज भरायला पेन मागितला. मी नो थँक्यू म्हणालो.

त्याच गडबडीत हिच्या पिशवीत औषधाची चिठ्ठी शोधताना माझ्या हाताला काहीतरी जाड लागलं. ती खताच्या दुकानाची डायरी होती. रुमालात गुंडाळून, अगदी तळाशी ठेवलेली. मी ती परत तशीच ठेवली. विमानात तीन तास मी त्या डायरीचाच विचार करत होतो. या बाईला व्हिएतनाम बघायचं नव्हतं. तिला तिथं कुणीतरी भेटायला हवं होतं. आणि मी सहा पानं लिहून आणली होती, की कुणी भेटूच नये.

हनोईच्या विमानतळावर बाहेर आलो तर एक बारकासा हसरा मुलगा पाटी धरून उभा. पाटीवर ठळक इंग्रजीत माझं नाव, आडनावासकट. एक आणि दोन एकदम. मी वच्छलाचा दंड धरून त्याच्यासमोरून सरळ निघून गेलो. तो मागे आला. हॉटेलची गाडी, हॉटेलची गाडी, असं म्हणत असावा. त्यानं हॉटेलला फोन लावून माझ्या कानाला धरला. फोनवरची बाई माझं नाव बरोबर घेत होती, म्हणजे तीही सामील. मी नो थँक्यू म्हणून शहराच्या बसमध्ये चढलो. दादाजी भाऊंचा शेजारी आहे मी, बसवर माझा विश्वास आहे.

बस चांगली होती, थांबा चुकीचा होता. दोन बॅगा ओढत आम्ही दोन कोस तरी चाललो असू. हनोईचा रस्ता ओलांडणं म्हणजे काय हे मी शब्दांत सांगू शकत नाही. तिथं स्कूटर थांबतच नाहीत, माणसानं चालत राहायचं आणि त्यांनी बाजूनं जायचं, अशी पद्धत आहे म्हणे. मी एका चौकात पंचवीस मिनिटं उभा होतो. हॉटेलवर पोचलो तेव्हा तोच मुलगा ओट्यावर बसून चहा पीत होता, पाटी मांडीवर. उठून त्यानं आमच्या दोन्ही बॅगा उचलल्या, तेही हसत. वच्छला त्याला काहीतरी म्हणणार होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं आणि जिना चढायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहराच्या मधोमध असलेल्या तलावावर गेलो. मोठा तलाव, काठाला झाडं, बाकं. वच्छला बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, की एवढा तलाव अन् जाळं टाकणारा एक माणूस नाही. तिच्या आवाजात बऱ्याच दिवसांनी जरा जान आली होती. मी खूश होऊन यादीची घडी खिशात ठेवली. तेवढ्यात ती आली.

पन्नाशीची बाई. डोक्यावर बांबूची टोकदार टोपी, खांद्यावर कावड. अगदी आपल्याकडच्यासारखी, दोन्ही टोकांना टोपली, टोपल्यांत सोललेले अननस आणि केळी. हसत आली, वच्छलाच्या डोक्यावर टोपी घातली, कावड उचलून तिच्या खांद्यावर ठेवली, आणि मला खूण केली, की काढा फोटो. अनुक्रमांक चौदा, निकेशच्या व्हिडिओत होता तसाच. मी पुढे होऊन "नो थँक्यू" म्हणालो. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा जरा जोरात. तिसरं म्हणेपर्यंत माझी बायको जागेवर नव्हती. ती कावड घेऊन चालायला लागली होती.

आता हे कुणाला सांगून समजणार नाही, म्हणून खुलासा करतो. वच्छलाचा बाप, इतवारी, मासे घेऊन आठवडी बाजाराला जायचा, कावडीवर, चार कोस. त्याला पोरगा नव्हता. ही थोरली. बाप थकला की चालता चालता कावड हिच्या खांद्यावर द्यायचा, न बोलता, आणि ही पुढच्या मोठ्या झाडापर्यंत न्यायची. तिच्या माहेरी आजही तसंच आहे. कुणी कावड खांद्यावर दिली याचा अर्थ त्याचा खांदा भरून आला आहे, आणि घेणाऱ्यानं ती पुढच्या झाडापर्यंत नेऊन ठेवायची. फोटोसाठी उभं राहायला कावड देतात, ही गोष्ट त्या गावात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. आणि ही वेळ अशी होती, की तिला माझ्या तोंडाकडे बघायला सवडच मिळाली नाही. खांद्यावर वजन आलं आणि पाय निघाले.

बासष्टाव्या वर्षी ती अशी काय चालली म्हणता. कमरेला हलका झोका, एक हात दांडीवर, टोपली तसूभर हलत नाही. समोर तो माझा कालचा चौक आला. ती थांबलीच नाही. स्कूटर दोन्ही बाजूंनी वाहत गेल्या आणि ती पलीकडे. तिच्या मागे ती अननसवाली ओरडत, आणि तिच्या मागे मी, एका हातानं छातीवरचा चोरखिसा धरून. लोक थांबून बघत होते. आणि धावता धावता माझ्या लक्षात आलं, की ती बाई आम्हाला लुटत नव्हती. तिच्या हिशेबानं आम्ही तिला लुटून चाललो होतो. माझ्या सहा पानांत असा अनुक्रमांकच नव्हता.

तलावाच्या त्या टोकाला एक भलंमोठं झाड होतं. तिथं वच्छलानं गुडघ्यात वाकून कावड अलगद टेकवली, एक फोड सांडली नाही. बाई धापा टाकत पोचली, भांडायच्याच तयारीत. वच्छलानं टोपी काढून तिच्या हातात दिली. मग तिच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला, मानेजवळ जिथं घट्टा पडतो तिथं बरोबर अंगठा दाबला, आणि आपल्याच बोलीत म्हणाली, "इथी दुखते ना, बाई? माह्या बापालेबी इथीच दुखे."

त्या बाईनं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा कावडीकडे. मग ती फुटपाथवर बसली आणि हसायला लागली. ते हसणं अनुक्रमांक दोनमधलं नव्हतं, एवढं मलाही कळलं. तिनं वच्छलाला हाताला धरून शेजारी बसवलं. कमरेच्या पिशवीतून हिरव्या मलमाची बाटली काढली. मग वच्छलानं तिचा खांदा चोळला आणि तिनं वच्छलाचा. एकीची बोली दुसरीला कळत नव्हती, पण दोघी एकाच वेळी बोलत होत्या, त्यामुळे काही अडत नव्हतं. पाच मिनिटांत बोटांवर पोरं मोजून झाली. बाईला दोन, आम्हाला एक. तिचं नाव लियेन आहे, हेही कळलं.

मी चार पावलांवर पहारा देत उभा होतो. फसवणूक अजून व्हायची आहे, ती अशीच गोड बोलून होते, असं मी स्वतःला बजावत होतो. डोळे दोघींवर, हात छातीवर. त्यामुळे पायाकडे लक्ष नव्हतं.

एक माणूस केव्हा खाली बसला आणि त्यानं केव्हा माझा उजवा बूट धरला, मला कळलं नाही. बूट कोरे होते, प्रवासासाठी चंद्रपूरहून घेतलेले. तो बोटानं तळवा दाखवून खेदानं मान हलवत होता. मी नो थँक्यू म्हणालो. त्यानं तोवर बूट काढलाही होता. डिंक लावला, दाभण काढलं, सटासट टाके घालायला लागला. मी दुसऱ्यांदा नो थँक्यू म्हटलं, तेव्हा डावा बूट त्याच्या मांडीवर होता. अनुक्रमांक एकोणीस. मी स्वतः, स्वतःच्या अक्षरात, खाली दोन रेघा ओढून लिहिलेला. पाच मिनिटांत त्यानं बूट पाठीमागे ठेवले आणि कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवला. त्यात इतकी शून्यं होती, की मी आधी ती मोजली. हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, की एवढ्यात चंद्रपूरला तीन जोड आले असते.

मी तावातावानं मराठीत बोलायला लागलो, मग हिंदीत, मग पुन्हा मराठीत. तोही आवाज चढवायला लागला. त्याच्या बाजूनं अजून एक जण येऊन उभा राहिला. लोक जमले. मोजे घातलेला, शर्टाची चार बटणं उघडी, बंडीच्या खिशातल्या पिनेशी झटापट करणारा मी, आणि भोवती चाळीस माणसं.

मग गर्दीतून दांडी आली. कावडीची मोकळी दांडी हातात घेऊन लियेन बाई आली आणि त्या माणसावर अशी काही बरसली, की भाषा येत नसूनही मला त्याची कीव आली. तिच्या मागे वच्छला, डोक्यावर लियेननं पुन्हा घातलेली ती टोकदार टोपी, "काऊन रे, म्हाताऱ्याचे जोडे घेऊन बसला, लाज नाई वाटत तुले?" असं विचारत. त्यानं निमूटपणे बूट पुढे सरकवले. वच्छलानं आपल्या बटव्यातून एक नोट काढून लियेनला दाखवली. लियेननं मान हलवून तिच्याऐवजी लहान नोट काढायला लावली, आणि ती त्या माणसाला टाक्यांची मजुरी म्हणून दिली. हे सगळं होताना वच्छलानं एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

मी बूट हातात धरून उभा होतो. भोवती लोक होतेच, त्या दिवशी होते तसे. आता ते वाक्य येणार, मी वाट बघत होतो. यायलाच हवं होतं. तिच्या जागी मी असतो तर सोडलं नसतं.

ती खाली बसली. माझ्या पायात बूट चढवले, नाड्या बांधल्या, तळवा अंगठ्यानं दाबून बघितला आणि म्हणाली, "शिलाई मात्र पक्की मारली जी त्यानं. आता हे जोडे जन्मभर चालतीन."

मग मी मनातला तो कागद काढला. छत्तीस वर्षांत इतका तुंबलेला कागद मी पाहिला नव्हता. तिला दंडाला धरून उठवलं आणि म्हणालो, "वच्छले, माणूस ओळखता येत नाई ते मलेच. तुले येते. त्या दिवशी मी चुकलो."

चार लोकांसमोर बोललो होतो, म्हणून चार लोकांसमोरच बोललो. त्यातल्या एकालाही मराठी येत नव्हतं, हे मला मान्य आहे. तिनं पदरानं डोळे पुसले, मग त्याच पदरानं माझ्या कपाळावरचा घाम पुसला, आणि शर्टाची बटणं लावा म्हणाली.

मग आम्ही तिघांनी अननस खाल्ला. लियेन बाईनं त्याचे पैसे पूर्ण घेतले, परदेशी पाहुण्यांच्या दरानं. फोटोचे वेगळे. कारण शेवटी मी फोटो काढला, दोघींचा, एकीच्या खांद्यावर कावड, दुसरीच्या डोक्यावर टोपी. अनुक्रमांक चौदाची फसवणूक मी अशी राजीखुशीनं, पावती न मागता करून घेतली. निघताना वच्छलानं पिशवीच्या तळातून रुमाल काढला, रुमालातून डायरी काढली आणि लिहायला काही सापडेना म्हणून इकडे तिकडे बघायला लागली. मी खिशातला पेन काढून दिला. लियेननं तिच्या लिपीत नाव आणि नंबर लिहिला. खाली वच्छलानं लिहिलं: हनोई, तलावाजवळ. दोन पोरं. उजवा खांदा दुखते.

घरी परतलो त्या संध्याकाळी सगळी कॉलनी चहाला. दादाजी भाऊ खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "बोला साहेब, फसले का नाई?" निकेश मागे हसत उभा होता, चंदाबाई दारात होत्या. म्हणजे डबा उघडला त्या दिवशीचे सगळेच हजर होते. वच्छला आत चहा गाळत होती. मी बुटांपासून सुरुवात केली आणि काही लपवलं नाही. लोक पोट धरून हसले. हसू संपल्यावर मी तिला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, की दोन वर्षांपूर्वी तुमच्यासमोर याच खोलीत मी एक वाक्य बोललो होतो, ते माझ्याबद्दल खरं निघालं, तिच्याबद्दल नाही. तेव्हा तशी नोंद घ्यावी. आत गाळणीचा आवाज थांबला. मग चहा आला, आणि पहिला कप तिनं मला दिला.

परवा आम्ही एका लग्नाला चंद्रपूरला निघालो होतो. एसटीत गर्दी, मी हिच्या मागच्या सीटवर. व्याहाडला एक अनोळखी बाई चढली, हिच्या शेजारी बसली. सावली येईपर्यंत गुडघ्यांचा विषय निघाला होता, मूलपर्यंत तिच्या धाकट्या मुलाचं लग्न जमत आलं होतं. बाईला पुढच्या थांब्यावर उतरायचं होतं. वच्छलाची मान बाईकडेच होती. तिनं मागे न बघता एक हात सीटवरून माझ्यापुढे उघडा धरला.

मी त्यात पेन ठेवला. तो अजून मला परत मिळालेला नाही.